नाशिकहून फर्स्ट क्लासने परदेशी जाताना खर्चाचा हिशेब कसा मांडावा

फर्स्ट क्लासचे तिकीट महाग असते, हे कोणी सांगायला नको. तिकीट काढण्यापूर्वी ओळखायचे असते ते हे, की हा महागपणा नेमका कशाचा आहे आणि त्यातला कोणता भाग आपल्याला खरोखर हवा आहे. द्राक्षनिर्यातीच्या कामासाठी दर फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जाणारा पिंपळगावचा व्यापारी, अमेरिकेतल्या मुलीकडे निघालेले सत्तरीचे आई-वडील आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एकदाच हौस करून घेऊ म्हणणारे जोडपे, या तिघांचा हिशेब एकसारखा असू शकत नाही. तरीही मांडणीची रीत तीच आहे. फर्स्ट क्लासच्या भाड्याची तुलना इकॉनॉमीशी करू नये, बिझनेस क्लासशी करावी. आणि तीही संपूर्ण प्रवासावर नव्हे, तर ज्या लांब टप्प्यावर आपण झोपणार आहोत तेवढ्याच टप्प्यावर करावी.

पहिली पायरी म्हणजे आपल्या मार्गावर हा वर्ग मुळात आहे का, ते तपासणे. अनेक मोठ्या विमान कंपन्यांनी तो बंद केला आहे किंवा कधी ठेवलाच नाही. टर्किश, केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्याकडे बिझनेस हाच सर्वांत वरचा वर्ग आहे. एअर इंडियाच्या नव्या एअरबस ए३५० विमानांत फर्स्ट क्लास नाही. तो काही बोइंग ७७७ विमानांत आहे. एमिरेट्स, सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा, स्विस, ब्रिटिश एअरवेज आणि एतिहाद यांच्याकडे तो आहे, पण प्रत्येक विमानात नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे प्रसिद्ध ‘सुइट्स’ फक्त ए३८० या दुमजली विमानात असतात आणि एका विमानात ते अवघे सहा असतात. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये असे १४ कक्ष आणि आंघोळीची सोय असते, तीही पाच मिनिटांच्या पाण्याची. म्हणून शोधताना कंपनीचे नाव पाहून थांबू नये. त्या तारखेच्या त्या उड्डाणाला कोणते विमान लावले आहे ते पाहावे आणि आसनांचा नकाशा उघडून खात्री करावी. अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणांवर ‘फर्स्ट’ असे लिहिलेले असते, ते बहुतेक वेळा केवळ रुंद खुर्चीपुरते असते. शिकागोहून डॅलसला जाताना त्या शब्दावर भाळून जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी म्हणजे ताशी दर काढणे. गूगल फ्लाइट्सवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच तारखांचे, त्याच उड्डाणाचे बिझनेस आणि फर्स्टचे भाडे शेजारी शेजारी लिहावे, त्यातला फरक काढावा आणि त्याला विमानात घालवायच्या तासांनी भागावे. रीत कळावी एवढ्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. समजा मुंबई ते लंडन आणि परतीचे बिझनेसचे भाडे २,२०,००० रुपये आहे आणि फर्स्टचे ४,२०,०००. फरक दोन लाखांचा. जाताना सुमारे दहा तास आणि येताना सुमारे नऊ, असे १९ तास धरले, तर बिझनेसपेक्षा वरचढ सोयीसाठी आपण ताशी साधारण साडेदहा हजार रुपये मोजतो. आता प्रश्न असा, की बिझनेसमध्येही आसन पूर्ण आडवे होत असताना हे साडेदहा हजार कशासाठी? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. अधिक मोठी जागा, बंद होणारे दार, हव्या त्या वेळी मिळणारे जेवण, स्वतंत्र लाउंज आणि विमानतळावरची कमी धावपळ या त्या वरच्या गोष्टी आहेत. गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या, औषधांच्या वेळा पाळणाऱ्या ज्येष्ठांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. तिशीतला निरोगी माणूस मात्र बिझनेसच्या पलंगावरही तितकाच गाढ झोपेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाच हिशेब मुंबई–दुबईसारख्या तीन तासांच्या टप्प्यावर करून पाहिला, की फरक लगेच लक्षात येतो. तिथे जेवण होऊन हात पुसेपर्यंत विमान उतरायला लागते. म्हणून मुंबई–दुबई–न्यूयॉर्क असा प्रवास असेल, तर दुबईपर्यंत बिझनेस आणि पुढच्या सुमारे १४ तासांसाठी फर्स्ट, अशा मिश्र वर्गाच्या तिकिटाचे भाडे अवश्य विचारावे. संकेतस्थळावर ‘अनेक शहरे’ हा पर्याय घेऊन प्रत्येक टप्प्याचा वर्ग वेगळा निवडता येतो. तिथे जमले नाही, तर कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडवरच्या एखाद्या अनुभवी ट्रॅव्हल एजंटकडून तसे भाडे काढून घ्यावे. बर्लिनला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे, की फ्रँकफर्ट ते बर्लिन या तासाभराच्या उड्डाणात फर्स्ट क्लास नसतोच. तिथे त्याला फार तर बिझनेसचे आसन मिळेल. उलट बाजूही पाहावी: जाताना रात्रीचे विमान असेल आणि येताना दिवसाचे, तर एका बाजूला फर्स्ट आणि दुसऱ्या बाजूला बिझनेस घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र दोन एकेरी तिकिटे काढून हे साधू नये, कारण जुन्या पद्धतीच्या कंपन्यांत एकेरी भाडे परतीच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरेच जास्त असू शकते. एकाच परतीच्या तिकिटात दोन वर्ग मागावेत.

करांचा भाग पुष्कळ जण शेवटी पाहतात, तो आधी पाहिला पाहिजे. इकॉनॉमीच्या विमान तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या सर्व वर्गांवर तो १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. करपात्र भाडे साडेतीन लाख धरले, तर पूर्वी ४२,००० रुपये कर लागला असता, आता ६३,००० लागतो. म्हणजे जुन्या पावत्या समोर ठेवून केलेला अंदाज एकवीस हजारांनी चुकतो. व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्या जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने आरक्षण करतानाच आपला जीएसटी क्रमांक नोंदवावा आणि कंपनीच्या नावाचे कर-बीजक मागून घ्यावे, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वळता करून घेण्याचा, दावा करता येतो. तिकीट निघून गेल्यावर हा क्रमांक घालणे फार जिकिरीचे असते. सोबत कुटुंब असेल, तर त्यांची तिकिटे वेगळी काढावीत आणि ती व्यवसायाच्या खात्यात मिसळू नयेत. एजंटने तिकीट आणि हॉटेल एकत्र करून परदेशी सहलीचे पॅकेज म्हणून विकले, तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो हे खरे, पण तोवर रक्कम अडकते. नुसत्या विमान तिकिटाला हा पॅकेजचा नियम लागत नाही.

परदेशातले करही वर्गानुसार बदलतात आणि ते परतीच्या टप्प्यावर येऊन बसतात. ब्रिटनमधून भारताकडे निघताना लागणारा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर १ एप्रिल २०२५ पासून सर्वांत खालच्या वर्गाला ९० पौंड, तर वरच्या वर्गांना २१६ पौंड होता. एप्रिल २०२६ पासून हे आकडे १०२ आणि २४४ पौंड आहेत. फ्रान्सने मार्च २०२५ पासून लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर इकॉनॉमीला ४० आणि त्यावरच्या वर्गांना १२० युरो असा कर ठेवला आहे. लंडनला केवळ विमान बदलण्यापुरते उतरून चोवीस तासांच्या आत पुढे जाणाऱ्या एकाच तिकिटावरच्या प्रवाशाला ब्रिटनचा हा कर लागत नाही. फर्स्टच्या एकूण भाड्यात ही रक्कम लहान दिसते, पण माइल्स (विमान कंपनीच्या सदस्य-योजनेत जमणारे गुण) वापरून ‘मोफत’ तिकीट काढणाऱ्याला रोख भरावी लागते ती हीच, आणि तिच्यावर काही कंपन्यांचा इंधन अधिभारही चढतो.

परदेशी संकेतस्थळावर पौंडांत किंवा डॉलरमध्ये भाडे कमी दिसले, तर लगेच हुरळून जाऊ नये. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डे परकीय चलनातल्या खर्चावर साधारण २ ते ३.५ टक्के जादा आकारतात आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी लागतो. चार लाखांच्या तिकिटावर साडेतीन टक्के म्हणजे चौदा हजार रुपये झाले. कोलंबोसारख्या शहरातून सुरू होणारे तिकीट कधीकधी मुंबईपेक्षा स्वस्त पडते, ही युक्तीही बरीच सांगितली जाते. मुंबईत राहणाऱ्याला ती एखाद्या वेळी परवडेल. नाशिककराला मात्र आधी मुंबई, मग कोलंबो, तिथला मुक्काम आणि परतताना पुन्हा तीच वारी, एवढे सगळे जोडावे लागते आणि बचत तिथेच विरते.

नाशिकच्या टप्प्याचा खर्च भाड्याच्या मानाने किरकोळ असतो, जोखीम मात्र मोठी असते. नाशिकच्या ओझर विमानतळाहून देशांतर्गत विमाने सुटतात आणि तिथून दिल्लीला जाऊन पुढे परदेशी विमान धरण्याचा मोह होतो. परंतु ही दोन वेगळी तिकिटे असतील, तर ओझरचे विमान उशिरा पोचल्यास पुढच्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही आणि लाखांचे तिकीट ‘प्रवासी आला नाही’ या नोंदीखाली बुडू शकते. सामानाचाही प्रश्न आहे. एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासमध्ये, जिथे सामान नगांवर नव्हे तर वजनावर मोजले जाते अशा मार्गांवर, ५० किलो सामान नेता येते, तर इंडिगोच्या देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे १५ किलो. उरलेल्या वजनाचे पैसे ओझरलाच मोजावे लागतील. त्यापेक्षा मुंबई बरी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटातली कोंडी टाळता येते. तरी पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आहेच, म्हणून पावसाळ्यात हातात भरपूर वेळ ठेवून निघावे. युरोप आणि आखाताकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. अशा वेळी रात्रभर गाडी चालवून थकलेल्या अंगाने फर्स्ट क्लासमध्ये बसणे हा पैशाचा अपव्यय आहे. दुपारीच निघून विमानतळाजवळ काही तासांची खोली घेतली, तर तो खर्च सत्कारणी लागतो.

पूर्ण भाडे न भरता वरच्या वर्गात जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अपग्रेडचा: बिझनेसचे तिकीट काढून माइल्स देणे, किंवा कंपनीने ई-मेलने मागवल्यास बोली लावणे. अपग्रेड साधारणपणे एकाच पायरीचे मिळते, म्हणजे इकॉनॉमीतून थेट फर्स्टमध्ये जाण्याची आशा धरू नये, आणि बिझनेसची सर्वांत स्वस्त भाडी बहुधा अपग्रेडला पात्र नसतात. म्हणून तिकीट काढतानाच ‘हे भाडे अपग्रेड होऊ शकते का’ एवढा प्रश्न लेखी विचारावा. बोली लावताना आपला ताशी दर समोर ठेवावा आणि त्यापलीकडे जाऊ नये.

दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सचा. व्यवसायाचा मोठा खर्च कार्डावरून करणाऱ्यांना तो खरोखर लाभतो, इतरांना तो बहुधा झुलवत ठेवतो. पॉइंट्स कंपनीच्या खात्यात वळवले, की ते परत घेता येत नाहीत; म्हणून आधी त्या तारखेला माइल्सवर आसन उपलब्ध आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच वळवावेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सची मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा ‘पुढे कधीतरी’ म्हणून साठवून ठेवू नयेत. एमिरेट्सने मे २०२५ पासून माइल्सवरची फर्स्टची तिकिटे सिल्व्हर किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या सदस्यांपुरती मर्यादित केली. नव्या सदस्याने केवळ कार्डाचे पॉइंट्स गोळा करून तिथे पोचण्याचा बेत आखू नये. दोघांना एकाच विमानात माइल्सवर फर्स्टची आसने मिळणे एकट्यापेक्षा कितीतरी अवघड असते, त्यामुळे तारखा लवचीक ठेवाव्यात आणि दिवाळी, नाताळ व मे महिना सोडून पाहावे.

पैसे भरण्यापूर्वी भाड्याचे नियम वाचावेत. महाग तिकीट म्हणजे रद्द केल्यावर पूर्ण पैसे परत, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. फर्स्टमध्येही सवलतीची भाडी असतात आणि त्यांना रद्द करण्याचे, तारीख बदलण्याचे व न आल्याचे वेगवेगळे शुल्क असते. एजंटकडून तिकीट घेतल्यास त्याच्या पीएनआरवर न थांबता विमान कंपनीचा स्वतःचा आरक्षण क्रमांक मागावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वर्ग, विमान आणि आसन तपासावे. व्हिसा हाती नसेल, तर परत न मिळणारे भाडे घेऊ नये.

विमान ऐनवेळी बदलले आणि नव्या विमानात फर्स्ट क्लासच नसला, तर प्रवाशाला खालच्या वर्गात बसवले जाते. भारतात १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार अशा वेळी आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम करांसह परत करायची असते. युरोपीय संघातून निघणाऱ्या उड्डाणांना तिथल्या नियमांनुसार तिकिटाच्या किमतीवर याच टक्केवारीने परतावा मिळतो. परदेशी कंपनीने प्रवास करत असल्यास तिला कोणत्या देशाचे नियम लागतात, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवावे. प्रवासाच्या आदल्या दिवशी विमानाचा प्रकार पुन्हा एकदा पाहावा, बदल दिसल्यास त्या पानाची प्रत जपून ठेवावी आणि काउंटरवर कोणी व्हाउचर पुढे केले, तर त्यावर सही करण्यापूर्वी रोख परतावा किती होतो, ते लेखी मागावे.