'हे खरे नाही' : आमदारकीची वाट धरणाऱ्या पोरांसाठी

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन आलं की नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या आमदार निवासात एकेका खोलीत आठ-दहा गाद्या पडतात. त्यातली दाराजवळची, थंडी लागणारी गादी सहा वर्षं माझी होती. विदर्भातल्या एका आमदारांचा मी पीए होतो. नंतर जिल्हा परिषदेला उभा राहिलो, पडलो. तिकिटासाठी चकरा अजून सुरू आहेत. तरी पोरं विचारतात, "दादा, आमदार व्हायचंय, सुरुवात कुठून करू?"

वयाची 25 वर्षं, मतदार यादीत नाव, विधानसभेच्या 288 जागा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी दोन-तीन अधिवेशनं कुणाच्या तरी हाताखाली कागदाचं काम करा. नेत्याच्या गाडीत मागे बसून दौरे करणाऱ्यांना मी पाहिलंय, त्यांना रस्त्यावरचे ढाबे तेवढे पाठ होतात. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन आपल्या दारात येतं. पुण्या-कोल्हापूरच्या पोराला ही सोय नाही.

आता मी कुठे आपटलो ते सांगतो. पहिल्याच वर्षी भाऊंनी, म्हणजे आमच्या आमदारांनी, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो) लिहायचं काम माझ्यावर टाकलं. मतदारसंघातल्या एका गावात पाण्याची टाकी बांधून तयार होती आणि थेंब येत नव्हता. मी तावातावानं लिहिलं : 'सदर गावातील पाणीपुरवठा योजना दोन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?' खाली चौकशी, कारवाई, विलंबाची कारणं, असे तीन उपभाग जोडले. उत्तर छापून आलं. पहिल्या भागाला 'हे खरे नाही.' उरलेल्या तिन्हींना 'प्रश्न उद्भवत नाही.'

मी सुन्न. काय झालं होतं, नीट समजून घ्या. योजना 'बंद' कधी पडलीच नव्हती, कारण ती सुरूच झाली नव्हती. पंपाला वीजजोडणी नव्हती. खात्याच्या फाईलमध्ये मात्र एक दिवस जनरेटर लावून चाचणी घेतल्याची नोंद होती. म्हणजे कागदावर 'बंद' खोटं आणि 'दोन वर्षं' पण खोटं. पहिला भाग पडला की खालचे सगळे आपोआप पडतात, कारण ते 'असल्यास' या शब्दावर उभे असतात. पहिल्या वाक्यातला एक चुकीचा शब्द शोधणं हेच समोरच्या टेबलावरच्या बाबूचं काम, आणि तो त्यात तरबेज असतो. त्याला दोष देऊ नका, शब्द मी पुरवला होता.

गावातल्या एका काकांचा फोन आला. "भाऊ, सरकार म्हन्ते खरं नाही. मंग आमच्या बाया दोन किलोमीटर जाऊन डोक्यावरच्या गुंडात काय आनून राह्यल्या?" मी फोन कानाला लावून नुसता उभा.

म्हणून आधी गावात जा, मीटर बघा, डबा उघडून फोटो काढा. मग माहितीच्या अधिकारात त्याच खात्याचा कागद मागवा. त्याला 30 दिवस लागतात आणि प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका. पहिल्या भागात त्यांच्याच पत्राचा दिनांक टाका आणि 'रोजी वा त्यासुमारास निदर्शनास आले' असं लिहा. 'वा त्यासुमारास' या दोन शब्दांनी मला पुढे कितीदा वाचवलं, मोजलं नाही. आपली मतं, राग, विशेषणं तिथे नकोत. ती सभागृहात तोंडी विचारायच्या उपप्रश्नात भाऊ बघून घेतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तयार प्रश्न उचलू नका. तोच मजकूर चार आमदारांच्या नावानं आलेला मी पाहिलाय. लाज वाटते हो. गुरूही नेत्यांमध्ये शोधू नका. मला लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा, या सभागृहात विषय मांडायच्या दोन वाटांमधला फरक एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यानं चहाच्या टपरीवर शिकवला. राज्यशास्त्राचे विद्यार्थी असाल तर राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा अभ्यासवर्ग अधिवेशनातच होतो, तो चुकवू नका.

पैसा नाही मिळणार. घरचे बोलतील. विधानभवनाकडे निघालेला मोर्चा टेकडी रोडवर अडला की निवेदन घ्यायला तुम्हालाच पाठवतील, आणि शिव्याही तुम्हीच खाल. पण इंग्रजी येत नाही, घरात कुणी सरपंचही नाही, म्हणून घाबरू नका. माझ्याही घरात नव्हतं.

पुढच्या वर्षी तोच विषय मी वीजजोडणीच्या पत्रासकट पुन्हा लावला. उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' खोलीत आम्ही तर्री पोहे मागवले. मी काकांना फोन लावून वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अंशतः म्हंजे किती गुंड पानी येईन, भाऊ?"