ब्लेड सर्व्हरवर कामाला लागताय? आधी चॅसिसची पाठ बघा

रॅक सर्व्हरची रॅम बदलता येते, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) लावता येतो, आयलोवरून (एचपी सर्व्हरच्या रिमोट कंट्रोलवरून) कन्सोल घेता येतो, एवढं येत असेल आणि आता ब्लेडच्या टीममध्ये टाकलं असेल, तर हे तुमच्यासाठी. पहिल्या आठवड्यात वाटतं की हेही तेच, फक्त अंगाने बारीक. ते डोक्यातून काढा. ब्लेड म्हणजे चाळीतली खोली: नळ, संडास, जिना सगळं सामायिक. पॉवर सप्लाय आणि पंखे चॅसिसचे, म्हणजे सगळी ब्लेड ज्या मोठ्या पेटीत बसतात तिचे, नेटवर्क आणि स्टोरेजची वाटही चॅसिसच्या मागून.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत माझा हात बसला तो एचपीच्या सी-७००० या चॅसिसवर. २००६ सालचं डिझाइन. उंची १० यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), पुढून १६ हाफ-हाइट किंवा ८ फुल-हाइट ब्लेड, त्याखाली ६ पॉवर सप्लाय, मागे १० पंखे आणि ८ इंटरकनेक्ट बे, म्हणजे नेटवर्क आणि स्टोरेजचे स्विच बसवायचे खण. सुरुवातीला सगळे पुढून बघत बसतात, कारण दिवे तिथे लुकलुकतात. खरी गोष्ट मागच्या त्या ८ बेंमध्ये आहे.

ब्लेडच्या बोर्डावर मेझनाइन कार्डाचे, म्हणजे वरून बसवायच्या जादा कार्डाचे, स्लॉट असतात, हाफ-हाइटला दोन: मेझ १ आणि मेझ २. फायबर चॅनेलचं (एफसी, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कचं) कार्ड, एचबीए, दोन्हींत बसतं. पण मिडप्लेनवरचे, म्हणजे ब्लेड आणि मागचे बे जोडणाऱ्या मधल्या बोर्डावरचे, रस्ते कायमचे ठरलेले आहेत. बोर्डावरचं नेटवर्क कार्ड बे १ आणि २ ला जातं. मेझ १ बे ३ आणि ४ ला. मेझ २ बे ५ आणि ६ ला, आणि कार्ड चार पोर्टांचं असेल तर ७ आणि ८ लाही. कुठलंही सेटिंग हे बदलू शकत नाही. पुन्हा वाचा, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

समजा एफसी स्विच बे ३ आणि ४ मध्ये आहेत, ५ ते ८ रिकामे. नव्या ब्लेडचं एचबीए मेझ २ मध्ये आहे. ब्लेड मजेत चालू होतं. हेल्थचा दिवा हिरवा. ओएसला कार्ड दिसतं, ड्रायव्हर लोड होतो, डब्ल्यूडब्ल्यूएन (कार्डाचा ओळख-क्रमांक) दिसतो. फक्त लिंक डाऊन. बे ५ मध्ये इथरनेटचं मॉड्यूल असतं तर चॅसिस सांभाळणाऱ्या ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने, म्हणजे ओएने, मिसमॅच म्हणून बोंब मारली असती. रिकाम्या बेबद्दल कोणी बोंब मारत नाही. मग स्टोरेजवाले म्हणतात, झोनिंग (कुठल्या होस्टला कुठलं स्टोरेज दिसेल ते) बरोबर आहे, तुमचा होस्टच लॉगिन करत नाही. सॅनवाला (स्टोरेज नेटवर्कचा माणूस) एसएफपी (केबल लागते ते पोर्टचं मॉड्यूल) बदलतो. कॉलवरचा कोणीतरी फर्मवेअर चढवायला सांगतो. या चक्रात माझी आख्खी चेंज विंडो (बदलासाठी मिळालेला वेळ) गेली. कार्ड त्या स्लॉटमध्ये बसूनच आलं होतं. ऑर्डरच्या यादीत कार्डाचं नाव होतं, स्लॉट कुठला ते नव्हतं.

इलाज अगदी साधा आहे. ब्लेड बंद करा, बाहेर ओढा, कार्ड मेझ १ मध्ये बसवा, परत आत ढकला. पण आधी ओएमध्ये त्या ब्लेडचं पोर्ट मॅपिंग उघडून बघा, किंवा कमांड लाइनवर ‘शो सर्व्हर पोर्ट मॅप’ आणि पुढे ब्लेडचा बे नंबर द्या. कुठलं कार्ड कुठल्या बेला जातं ते समोर येतं. मी नवं ब्लेड रॅकपाशी आलं की झाकण उघडून कार्ड कुठे आहे ते डोळ्यांनी बघतो, मग पुढचं. सीनियर हसतात. हसू देत.

पुढच्या बाजूचे, ब्लेड बसतात त्या बेंचे नंबरही एकदा नीट बघून घ्या; मागच्या ८ बेंशी त्यांची गल्लत नको. वरच्या रांगेत १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. म्हणजे बे १ च्या खाली ९ येतो, २ नव्हे. फुल-हाइट ब्लेड १ मध्ये लावलं की ९ गेला.

व्हर्च्युअल कनेक्ट (ब्लेडला नेटवर्कचे पत्ते स्वतः देणारं एचपीचं मॉड्यूल) असेल तर आणखी एक. प्रोफाइल, म्हणजे त्या पत्त्यांचा संच, ब्लेडच्या बेला चिकटलेलं असतं, ब्लेडला नाही. ब्लेड मेलं, त्याच बेमध्ये त्याच प्रकारचं दुसरं घातलं, की तेच एमएसी, तेच डब्ल्यूडब्ल्यूएन. झोनिंगला हात लावावा लागत नाही. याच सोयीसाठी लोक पैसे मोजतात. पण ‘जरा बाजूच्या बेमध्ये लावून बघू’ म्हणून ब्लेड हलवलंत, तर त्याची ओळख जुन्या बेमध्येच राहते आणि चालू प्रॉडक्शन घालवून बसाल. हलवू नका. खरंच हलवू नका.

पॉवरचं थोडक्यात: तीन सप्लाय ए फीडवर (एका वीजवाटेवर), तीन बी फीडवर (दुसऱ्या), आणि ओएमध्ये एसी रिडंडंट मोड, म्हणजे एक वाट गेली तरी चालू राहणारा. लेबलवर विश्वास ठेवू नका, केबल हाताने पीडीयूपर्यंत (रॅकमधल्या वीजपट्टीपर्यंत) चाचपत जा. रिकाम्या बेला ब्लँक (बंद झाकण) लावा, नाहीतर हवा ब्लेडमधून न जाता मोकळ्या भोकातून निघून जाते.

सर्टिफिकेशनचे डंप (फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून नोकरी मिळते, रात्री दोनच्या कॉलवर त्यांचा उपयोग शून्य. आणखी एक, ओएवरचा ‘रीसेट सर्व्हर’: ब्लेड जागेवर ठेवूनच त्याची वीज तोडून पुन्हा जोडतो. कामाची गोष्ट आहे, मीही वापरतो. पण काहीही बिघडलं की आधी हाच उपाय सांगणाऱ्याला गुरू करू नका. गुरू करायचा तर पार्ट बदलायला येणारा फील्ड इंजिनियर. त्याला चहा पाजा, त्याच्यामागे उभे राहा, मिडप्लेनच्या पिना वाकू नयेत म्हणून तो ब्लेड किती सरळ आत नेतो ते बघा. जुनी सी-७००० स्वस्तात मिळते म्हणून घरी आणायचा विचारही नको. भरलेली चॅसिस २०० किलोंच्या पुढे जाते, आणि पंखे सुरू झाले की शेजारी दार वाजवतील.

हे सगळं शिकून वाया जाईल का, असं नवी मुलं विचारतात. नाही जाणार. डेलच्या एम-१०००ई मध्ये हेच ठरलेले रस्ते ए, बी, सी फॅब्रिक म्हणून भेटतात. एचपीईच्या (एचपीतूनच निघालेल्या कंपनीच्या) सिनर्जीच्या फ्रेममध्ये, म्हणजे तिच्या चॅसिसमध्ये, १२ हाफ-हाइट ब्लेड बसतात आणि रस्ते वेगळे आहेत: मेझ १ जातं बे १ आणि ४ ला, मेझ २ जातं २ आणि ५ ला, मेझ ३ जातं ३ आणि ६ ला. त्यामुळे सी-७००० वरून तिकडे गेलात की ‘मेझ १ म्हणजे ३-४’ हे पहिल्याच दिवशी विसरा आणि नवा नकाशा कागदावर काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.