दातांना नवी तार बसवल्यावर

तार बसवताना फारसं दुखत नाही. दुखायला लागतं ते घरी आल्यावर, काही तासांनी. दुसऱ्या दिवशी ठणका सगळ्यात जास्त असतो, आणि आठवडाभरात ओसरतो. मुळांभोवतीच्या तंतूंवर ताण आल्याने दात हुळहुळतात, किंचित हलतातही. घाबरू नका, हलवण्यासाठीच तर तार लावली आहे.

ठणक्यावर गार पाणी आणि मऊ खाणं पुरतं. गोळी लागलीच, तर कोणती आणि किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. काही वेदनाशामकांमुळे दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो.

गाल आणि ओठ सोलवटतात त्यावर उपाय मेणाचा. ते क्लिनिकमध्येच मागून घ्या.

१. दात घासून ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) टिश्यूने नीट कोरडा करा. ओल्यावर मेण टिकत नाही, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.
२. वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून मऊ करा.
३. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबून बसवा. वर छोटा उंचवटा राहू द्या.
४. खाण्याआधी काढून टाका, नंतर नवं लावा. चुकून गिळलं तरी अपाय होत नाही.

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून ३-४ वेळा गुळण्या करा. काही आठवड्यांत गाल सरावतात.

शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक टोचत असेल, तर स्वच्छ खोडरबराने ते हलकेच दाताकडे वळवा. वळलं नाही तर मेण लावून क्लिनिकला फोन करा. नेलकटरने कापायला जाऊ नका, तुकडा घशात जाऊ शकतो.

पहिले ३-४ दिवस सूप, दही, केळं, उकडलेला बटाटा असं खा. पुढेही सफरचंद थेट दातांनी तोडू नका, फोडी करून मागच्या दातांनी चावा. बर्फ, टॉफी, च्युइंगगम उपचार संपेपर्यंत बंद.

दुखतं म्हणून घासणं टाळलं, की खरं नुकसान होतं. ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरातलं आम्ल दाताचं कवच झिजवतं, आणि तार काढल्यावर तिथे पांढरे डाग दिसतात. ते बहुधा पुरते जात नाहीत. मऊ ब्रश तिरका धरून आधी हिरडी आणि ब्रॅकेटच्या मधला भाग घासा, मग ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूने. तारेखाली इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) फिरवा. पेस्ट फ्लोराइडची हवी. प्रत्येक खाण्यानंतर निदान चूळ भरा. रात्रीचं घासणं मात्र चुकवायचं नाही.

ब्रॅकेट सुटून तारेवर सरकू लागला, तर मेणाने जागीच धरून ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. पुढच्या तारखेपर्यंत थांबलात, तर तेवढे दिवस त्या दातावर तारेचा ताबा राहत नाही.