जुन्या नंबरप्लेटचा ट्रे कसा बनवाल?

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची सक्ती झाली आणि नाशिकच्या घराघरांत एमएच १५ लिहिलेल्या जुन्या पाट्या माळ्यावर जाऊन पडल्या. त्यांचा टेबलावरचा सुबक ट्रे होतो.

पाटी शक्यतो स्वतःच्या नाहीतर नातेवाइकांच्या गाडीची घ्या. नवी बसवायला जाल तेव्हा जुनी मागून घ्यायची. सातपूर-अंबडकडच्या भंगारवाल्यांकडेही मिळते, पण ती कोणाच्या गाडीची, ती गाडी कुठे गेली, काहीच कळत नाही. मी ती घेत नाही. आणि होलोग्राम व लेसर क्रमांकाच्या नव्या प्लेटला तर कात्री लावूच नका.

सगळ्यात देखणी पाटी म्हणजे पेंटरने हाताने रंगवलेली. ४१४१ चे ‘दादा’ करणाऱ्या पाट्या रस्त्यावर कधीच नियमात बसल्या नाहीत, ट्रेमध्ये मात्र शोभून दिसतात!

आता लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी पत्रा, नाही तर अ‍ॅल्युमिनियम. नवख्याने अ‍ॅल्युमिनियमच घ्यावे, ते साध्या पत्रा-कात्रीने कापते. अ‍ॅक्रिलिकची पाटी बाजूला ठेवा, ती दुमडत नाही, तडकते.

साबणाच्या पाण्याने धुवा. रेडियम काढायचे असेल तर हेअर ड्रायरने गरम करून सोला, राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासू नका. वॉटर पेपर ओला करूनच वापरा.

ट्रेसाठी चारचाकीची ३४० × २०० मिमीची पाटी घ्या. चारही कडांपासून ४० मिमीवर रेघ मारा. कोपऱ्यातले चौकोन कापून टाकू नका, तिथेच पुष्कळांचा ट्रे खिळखिळा होतो. आखूड कडेकडून लांब रेघेवर फक्त ४० मिमी कात्री चालवा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक जीभ सुटते. कापलेल्या कडा लगेच कानशीने घासा, हातमोजे असू द्या.

पाटी टेबलाच्या काठावर ठेवून वरून लोखंडी अँगल क्लॅम्पने आवळा आणि लाकडी मोगरीने ठोकत दुमडा. आधी दोन्ही लांब बाजू उभ्या करा, मग जिभा आत वळवा, शेवटी आखूड बाजू त्यांना बाहेरून टेकवा. घडी एकदाच घालायची. मागेपुढे केली की अ‍ॅल्युमिनियम तिथेच चिरते. कोपऱ्यांना ३.२ मिमीचे पॉप रिव्हेट (भोकात घालून रिव्हेट गनने आवळायचे पोकळ खिळे) मारा. आत २६० × १२० मिमीची जागा मिळते.

आकड्यांचे काय? पाटी पुन्हा कोणाच्या गाडीवर चढू नये म्हणून शेवटच्या दोन आकड्यांत ड्रिलने भोके पाडा आणि वर फेल्टचा तुकडा चिकटवा. चष्मा ठेवायला मऊ जागा आयतीच होते. लोखंडी पत्रा असेल तर वरून पारदर्शक लॅकर मारा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.

दुचाकीची पुढची २८५ × ४५ मिमीची पट्टी यात बसत नाही. तिला खाली चार हुक लावा, मूळच्या स्क्रूच्या भोकांतूनच भिंतीवर ठोका, किल्ल्या अडकवायची सोय झाली. नंबर मात्र तिथेही अर्धा पुसायचाच.