फिल्टर स्वच्छ दिसला म्हणून इंजिन स्वच्छ नसते

पिस्टन फुटतो किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके तुटते. मग सिलिंडर बदलला जातो, नवे तेल आणि नवा फिल्टर लागतो, इंजिन गुळगुळीत चालू लागते आणि मालक विचारतो, "आता उडवू ना?" मी लहान विमानांची पिस्टन इंजिने दुरुस्त करतो. या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे: तुटलेला धातू कुठे गेला ते कळेपर्यंत नाही.

सुरुवात हिशेबापासून करा. तुटलेल्या भागाचे सापडतील तेवढे तुकडे पांढऱ्या कागदावर जुळवून मांडा. जी जागा रिकामी राहील तेवढा धातू अजून कुठेतरी आहे. व्हॉल्व्हचा तुकडा एक्झॉस्टमधून गेला असेल तर मफलर बघा, टर्बोचार्जर असेल तर टर्बाइनची पाती बघा. पिस्टनचा किंवा रिंगचा तुकडा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या मुख्य खोक्यात, गेला असेल, तर तेलाच्या मागोमाग जावे लागते.

तेल गरम असतानाच काढा, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. ते सगळे तेल बारीक गाळणीतून ओता, फेकू नका. सम्पमधली (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातली) सक्शन स्क्रीन, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या तेलाची जाळी, काढायला विसरू नका. मोठे तुकडे तिथेच अडकतात आणि फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत. स्क्रीन बाहेर ओढताना तुकडे सम्पमध्ये परत पडतात, म्हणून त्या भोकात बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघा.

फिल्टर त्याच्यासाठी असलेल्या कटरनेच उघडा. हॅकसॉने कापलात तर करवतीचा कीस आत जातो आणि मग कुठला धातू कुणाचा ते कळत नाही. आतला घडीचा कागद धारदार सुरीने दोन्ही टोकांना कापून सोडवा, वाइसमध्ये दाबून तेल पिळा आणि उन्हात उलगडून बघा. चकाकणारे कण उन्हात जसे दिसतात तसे ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. नंतर कागद स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये खळबळून घ्या आणि पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्यात फिरवा. पिशवी उलटी केली की सगळे कण एका जागी मिळतात.

चुंबकाला चिकटले ते लोखंड किंवा पोलाद: कॅम, लिफ्टर (कॅम आणि व्हॉल्व्हची यंत्रणा यांमधला भाग), रिंग, गिअर, सिलिंडरची भिंत. जे चिकटले नाही त्यावर घाईने निकाल देऊ नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे पोलाद बहुधा चुंबकाला दाद देत नाही आणि क्रोमचे पापुद्रेही देत नाहीत. ॲल्युमिनियमची शंका असेल तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कण टाका. बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टन पिनचे प्लग. तांबे आणि ब्राँझ नायट्रिक ॲसिडला निळसर-हिरवे करतात, तो धातू बुशिंगचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा असू शकतो. हे प्रयोग चष्मा आणि हातमोजे घालून मोकळ्या हवेतच करा. काळे कण सुईने दाबून भुगा झाले तर तो कार्बन आहे, सोडून द्या.

किती धातू म्हणजे जास्त, हे उत्पादकाच्या कागदात असते. लायकॉमिंग या विमान-इंजिन कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिन 480 (देखभालीच्या सूचनापत्रक) मध्ये कणांची संख्या आणि आकार यांनुसार पुढची पायरी दिली आहे. पेन्सिलीच्या तुटलेल्या टोकाएवढे किंवा त्याहून मोठे तुकडे निघाले तर विमान जमिनीवरच राहते. तेलाच्या प्रयोगशाळा तपासणीवर एकट्या विसंबू नका. त्या यंत्राला अतिसूक्ष्म कणच दिसतात. कॅम सोलपटत असताना मोठे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकतात आणि अहवालातले आकडे साधेच राहू शकतात.

आता मुख्य मुद्दा. तेलाचा पंप फिल्टरच्या आधी असतो. सक्शन स्क्रीनमधून निसटलेला कण पंपाच्या गिअरमधून जातोच. म्हणून पंप उघडा आणि त्याच्या घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे बघा. ते खोल असतील तर पुढे बेअरिंगपर्यंत धातू गेल्याची शक्यता धरूनच चला. फिल्टर तुंबला किंवा तेल थंड आणि जाड असले की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले तेल थेट गॅलरीत (इंजिनातल्या तेलाच्या वाटांत) शिरते. बेअरिंगच्या मऊ थरात रुतलेला कण धुऊन निघत नाही. तिथे शंका असेल तर क्रँककेस उघडण्याला पर्याय नाही. खर्च मोठा आहे हे मला ठाऊक आहे. तरीही मी हेच सांगतो, कारण एका क्रँकशाफ्टवर सगळ्यांचा जीव असतो.

ऑइल कूलर हे सर्वांत फसवे ठिकाण. त्याच्या अरुंद वाटांत कण अडकून बसतात, धुऊनही पूर्ण निघत नाहीत आणि नंतर कंपनाने सुटतात. काही इंजिनांत तेल फिल्टरनंतर कूलरमधून जाते, तिथे सुटलेला कण सरळ बेअरिंगकडे जातो. मी अशा वेळी कूलर बदलायलाच सांगतो, सोबत तेलाचे होजही.

कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (पात्यांचा कोन बदलून फेरे स्थिर ठेवणारा) असेल तर तो आणि त्याला तेलाच्या दाबाने चालवणारा गव्हर्नर दोन्ही काढा. हबमध्ये (प्रोपेलरच्या मधल्या तुंब्यात) तेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने परत येते, आणि फिरण्याच्या जोराने जड कण आतच साचतात. गव्हर्नरच्या गॅस्केटमधल्या बारीक जाळीत धातू दिसला तर हब सुटा करून साफ करायला हवा. हायड्रॉलिक लिफ्टर, टर्बोचार्जरला तेल नेणाऱ्या नळ्या आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची) बैठकही बघा. त्या बैठकीत कण अडकला की तेलाचा दाब पडतो.

सगळे जोडून झाल्यावर नवा फिल्टर लावा, जमिनीवर इंजिन चालवा आणि तो फिल्टर कापून बघा. निर्मळ निघाला तर पुन्हा नवा लावा, धावपट्टीच्या जवळच थोडे उडवा आणि परत कापा. पुढची अंतरे उत्पादक सांगेल तशी, पण नेहमीच्या 50 तासांची वाट बघू नका. प्रत्येक फिल्टरमधले कण छोट्या पिशवीत घाला, पिशवीवर तारीख आणि इंजिनाचे तास लिहा आणि ती लॉगबुकसोबत ठेवा. कण वाढताहेत की घटताहेत हे एकेका फिल्टरवरून कळत नाही, पिशव्या ओळीने मांडल्यावर कळते.