घरच्या लंबकाने ‘जी’ (गुरुत्वीय त्वरण) काढा, आणि उत्तर का चुकलं तेही ओळखा

चर्चगेटहून विरारला जाऊन परत आलेल्या लोकलने साधारण १२० किलोमीटर अंतर कापलेलं असतं, पण तिचं विस्थापन शून्य. लंबकाचंही तसंच. गोळा एका टोकाहून निघून त्याच टोकाला परतला की एक दोलन पुरं होतं. त्यात अंतर आयामाच्या, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या, चौपट आणि सुरुवातीपासूनचं विस्थापन शून्य. मात्र दोलनाच्या सूत्रांत विस्थापन मोजतात ते मध्यस्थितीपासून, म्हणजे गोळा स्थिर लोंबतो त्या जागेपासून. उजवीकडे धन, डावीकडे ऋण.

आता प्रयोग. गवंडी वापरतात तो लहान ओळंबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याला शिवणाचा जाड दोरा बांधा. वरचं टोक खिळ्याला गुंडाळू नका, गोळा हलताना फास सरकतो आणि लांबी बदलत राहते. खोडरबराच्या दोन तुकड्यांत दोरा घट्ट पकडून ते टेबलाच्या कडेला किंवा फळीला आवळा. अर्धा तास टांगून ठेवा, ताणायचा तेवढा दोरा ताणू दे. मगच लांबी मोजा: रबराच्या खालच्या कडेपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत १ मीटर.

पंखा बंद. खिडकीही, खाऱ्या वाऱ्याला गोळा आडवा फिरवायला वेळ लागत नाही. गोळा ८ सेंटिमीटर बाजूला ओढून नुसता सोडा, ढकलू नका. एवढ्या लांबीला हा कोन ५ अंशांहून कमी आहे. ३० अंशांवरून सोडलात तर दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) सुमारे पावणेदोन टक्के वाढतो आणि ‘जी’ साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी येतो.

वेळ टोकाला घेऊ नका. तिथे गोळा थबकतो, नेमका क्षण सापडत नाही. मागच्या भिंतीवर मध्यस्थितीची खडूने खूण करा. तिथे वेग सर्वांत जास्त असतो. गोळा उजवीकडे जाताना खूण ओलांडेल तेव्हा ‘शून्य’ म्हणत घड्याळ सुरू करा, आणि त्याच दिशेने जाताना ‘वीस’ला थांबवा. सुमारे ४०.२ सेकंद यायला हवेत. २० ने भागलं की दोलनकाल. ‘जी’ म्हणजे चार गुणिले पायचा (π) वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग. मुंबईत ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास.

उत्तर चुकलं तर आकडाच बरंच सांगतो. ‘जी’ ३९ आला? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची अर्धी फेरी तुम्ही पूर्ण दोलन धरलीत. १०.८? शून्याऐवजी ‘एक’ पासून मोजलंत, दोलनं १९च झाली. एकाच दोलनाची वेळ घेतली असेल तर बोटाचा ०.२ सेकंदांचा उशीर ‘जी’ला २० टक्क्यांपर्यंत हलवतो, २० दोलनांत तोच १ टक्का उरतो.

९.६ किंवा ९.९ असं थोडंसंच हुकलं, तर संशय लांबीवर घ्या. ओळंबा निमुळता असतो, त्याचा गुरुत्वमध्य अंदाजाने धरला की सेंटिमीटरभर फरक सहज पडतो, म्हणजे ‘जी’त १ टक्का. यावर सोपा तोडगा: गुरुत्वमध्य शोधूच नका. ओळंब्यावर कुठेही एक खूण करा, लांबी तिथपर्यंतच मोजा आणि १ मीटर आणि अर्धा मीटर अशा दोन लांब्यांना दोलनकाल काढा. लांब्यांच्या फरकाला दोलनकालांच्या वर्गांच्या फरकाने भागा आणि ३९.४८ ने (चार गुणिले पायचा वर्ग) गुणा. गुरुत्वमध्याची चूक दोन्ही लांब्यांत सारखीच असल्याने वजाबाकीत ती गळून पडते.