लढाईतून उठून बेळगावात आलेल्यांसाठी थोडं कामाचं

सुदान, युक्रेन, इस्राएल, आखात, कुठूनही लढाईमुळे घरदार टाकून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आलेली माणसं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं माझ्याकडे येतात, कारण आम्ही पण असेच आलोय, १९९० साली कुवेतहून. २ ऑगस्टला इराकचं सैन्य शिरलं तेव्हा मी शाळकरी पोर. बसनं बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवर वाळवंटात तंबू, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान, मुंबई, आणि शेवटी मिरजेला गाडी बदलून मीटरगेजनं बेळगाव. त्या वेळी लाख-दीड लाखाच्या वर भारतीय असे आले. तेव्हापासून इथंच आहे, त्यामुळे जे बघितलंय ते सांगते.

सगळे तुम्हाला म्हणतील, "आलात परत, बरं झालं की." तुमच्यापुरतं ते खरं. पण तुमची पोरगी तिकडंच जन्मली, तिकडंच वाढली, बेळगाव तिला फक्त सुट्टीत आज्जीकडं यायचं गाव म्हणून माहीत, ती कुठं परत आली? तिचं घर, मैत्रिणी, शाळेचा डेस्क सगळं तिकडं राहिलंय आणि वर तिला सांगतात की आता खूष हो, आपल्या गावात आलीस. आणि मोठी माणसं "तिकडं निवळलं की जाऊ" म्हणत बॅगा न उघडता बसतात, मला हे अजिबात पटत नाही. बॅगा उघडा, जायची वेळ आली तर परत भरता येतात. पोरीची शाळा मात्र लगेच सुरू करा, घराचं, नोकरीचं, भाऊबंदकीचं नंतर.

शाळेत गेल्यावर टीसी, म्हणजे आधीची शाळा सोडल्याचा दाखला, मागतील. लढाईतून पळताना टीसी कोण आणतंय. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, सहा ते चौदा वयाच्या पोराला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि टीसीला उशीर झाला तरी नाही, शिवाय वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो, खालच्या वर्गात ढकलायचं नसतं. हेडमास्तरांना शांतपणे सांगा, नाहीच ऐकलं तर बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या) ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय इथं कागद जिवंत होत नाही. नववीपासून पुढं हा कायदा लागू नाही, तिथं जुन्या शाळेचे मार्कलिस्ट, ईमेल, फीच्या पावत्या जे असेल ते घेऊन जा.

माध्यम कुठलंही घ्या, इथं मराठी शाळा आहेत, इंग्रजी आहेत, पण कन्नड सगळीकडं शिकावंच लागतं, २०१५ च्या कायद्यापासून सीबीएसईवाल्यांना पण. घाबरू नका. पोरं गल्लीत लगोरी खेळता खेळता कन्नड उचलतात, अडतं ते आईबापांचं. तहसीलदार ऑफिस, नाडकचेरी (दाखले देणारं महसूल ऑफिस), सगळीकडं फॉर्म कन्नडमध्ये, तिथं बाहेर बसलेला माणूस पैसे घेऊन भरून देतो, सुरुवातीला द्या पैसे, पण स्वतः वाचायला शिका. मी मराठी माणूस, मराठीतच लिहिते, आणि कन्नड शिकल्यानं माझं काही कमी झालेलं नाही. १ नोव्हेंबरला इथं एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं सीमावादामुळे मराठी लोकांचा काळा दिन असतो, त्या दिवशी नवीन माणसानं बाहेरची कामं काढू नयेत. वातावरण तापलं की हद्दीवरच्या बस पण बंद पडतात, कोल्हापूरला दवाखान्याची तारीख असेल तर आधी चौकशी करा.

आता आवाजाचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, सांबऱ्याला एअरफोर्स आहे, सराव चालू असला की आवाज घरापर्यंत येतात. आपल्याला कळतं की सराव आहे. पोरीला कळत नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी आठ वर्षांची, आली तेव्हा रात्री बूट घालून झोपायची, लेस बांधलेली, उशाला दप्तर, दप्तरात पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. आज्जी ओरडायची, गादीवर बूट काय. आईनं शेवटी नवीन, न वापरलेले बूट तिच्यासाठी गादीजवळ ठेवायला सुरू केलं, पायात नाही पण हाताशी, आणि हळूहळू तेवढ्या आधारावर ती झोपायला लागली. तेव्हा असं काही दिसलं तर ओरडू नका, "इथं काय होत नाही" असं पण म्हणत बसू नका, तिकडं पण तिला तेच सांगितलं असणार. आवाज कसला ते सांगा, जमलं तर दिवसा कॅम्पात, म्हणजे लष्कराच्या भागात, फिरवून आणा, जवान परेड करताना दिसू देत. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ असतात, गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, डॉल्बी आणि फटाके, पहिल्या वर्षी गर्दीत नेऊ नका, आणि दिवाळीत आधीच सांगून ठेवा. महिना-दोन महिन्यांनी पण झोप, खाणं, बोलणं सुधारत नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट, मराठीत पण बोलतात. वेड लागलंय म्हणून फोन करायचा नसतो, शेजारचे काय म्हणतील ते सोडा.

पैशाचं. नातेवाइकांना वाटतं परदेशातून आला म्हणजे सोनं घेऊन आला. आमच्या बाबांचा पैसा कुवेतच्या बँकेत, आणि इराकनं कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा करून टाकला, म्हणजे माती. तरी लोक उसने मागायला यायचेच. सरळ नाही म्हणा. आणि कागद जपा: पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, पगाराची स्लिप, भाड्याचा करार, पासबुक, व्हॉट्सअपवर कंपनीनं पाठवलेला मेसेज पण. कुवेतनंतर युनोनं १९९१ ला नुकसानभरपाईचा आयोग काढला, तिथून बाहेर पडावं लागलं एवढा पुरावा दिला तरी एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,००० डॉलर मिळायचे, इराकच्या तेलाच्या पैशातून. वर्षं लागली, पण ज्यांनी चिठ्ठ्याचपाट्या जपल्या त्यांना मिळाले. प्रत्येक लढाईत असं होईल असं नाही, पण डब्यात ठेवायला काय जातंय. हाताला काम पाहिजे तर मेकॅनिक, वेल्डर, फिटर असलेल्यांनी उद्यमबाग, मच्छेकडं फौंड्रीत विचारा, पगार तिकडच्यासारखा नाही, हे मनाला आधीच सांगून जा.

घर भाड्यानं घेताना डिपॉझिटच्या आधी पाणी विचारा, काही वॉर्डात चोवीस तास, काही वॉर्डात किती दिवसाआड ते फक्त शेजारीण खरं सांगते, मालक नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिकडच्या उन्हाची सवय असेल तर जुलै जड जातो. आधारवर इथला पत्ता लवकर घाला, त्यावर कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास राज्याच्या हद्दीत फुकट आहे, पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत हाफ तिकीट, हद्दीजवळच्या कागलच्या अलीकडं-पलीकडं हिशेब बदलतो. नवरा किंवा बायको परदेशी पासपोर्टवाले असतील तर एफआरआरओचं (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसचं) ऑनलाइन रजिस्ट्रेशन टाळू नका.

शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना असतो, तो कारकुनावर सोडू नका, स्वतः बघून "मराठी" लिहून घ्या. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं त्या सीमाभागातल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग वगैरेला वेगळ्या जागा असतात, आणि त्यासाठी मातृभाषा मराठी आणि शिक्षण इथलं हे कागदावर दिसावं लागतं, बाकी अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचून घ्या. आज पोरगी तिसरीत असेल, तुम्हाला वाटेल कशाला आत्ताच. दहावीनंतर हा रकाना दुरुस्त करायला गेलात तर चपला झिजतात, त्यामुळे प्रवेश घेतानाच त्या फॉर्मची झेरॉक्स काढा, आणि एक कॉपी आज्जीकडं पण ठेवा.